खासदारांचा मानपान

जपानच्या खासदारांच्या कचेऱ्या ज्या इमारतीत आहेत, तिथल्या एका चकचकीत कॉरिडॉरमध्ये मी एकदा सुटाबुटात गुडघ्यांवर बसलो आणि उपग्रहातून काढलेलं एक भलंमोठं चित्र जमिनीवर पसरलं. एका कोपऱ्यावर छत्री ठेवली, दुसऱ्यावर चष्म्याचं घर, आणि शेजारी उकिडव्या बसलेल्या एका तरुण खासदाराला पेन्सिलीने दाखवू लागलो: ही नदी, हा तिचा जुना मार्ग, हे भातखाचरातलं पाणी, हे पुराचं पाणी, आणि दोन्हींचा रंग सारखाच दिसतो तेव्हा फरक कसा ओळखायचा. जाणारे-येणारे लोक अदबीने वळसा घालून जात होते. मला वाटत होतं, आपण देशसेवा करतोय. कोणत्या देशाची, ते कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

झालं होतं ते एवढंच की त्या तरुण गृहस्थाने माझ्या काखेतली लांब नळी पाहून विचारलं होतं, "यात काय आहे?" आणि तेही इंग्रजीत. परदेशात शिकलेला असावा. आता मास्तराला कुणी आपणहून प्रश्न विचारला तर त्याने काय करावं? घरात मला प्रश्न विचारायची पद्धत बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, कारण उत्तर संपेपर्यंत आमटी गार होते असा सार्वत्रिक अनुभव होता. मी नळीचं झाकण काढलं.

माझं उत्तर रंगात आलं असताना समोर एक काळ्या बुटांची जोडी येऊन थांबली. वर पाहिलं तर ज्यांच्याबरोबर मी आलो होतो ते गृहस्थ. त्यांनी खासदाराला वाकून नमस्कार केला, माझ्याबरोबर चित्र गुंडाळलं, माझी छत्री माझ्या हातात दिली आणि लिफ्टमध्ये एवढंच म्हणाले, "सेन्सेई, फार छान समजावून सांगितलंत." सेन्सेई म्हणजे मास्तर.

मी खूश. घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं.

"छान म्हणाले?" ती कणीक मळत होती. "कसं म्हणाले? हसून की नुसतंच?"

"नुसतंच. पण 'फार' म्हणाले."

"मग काहीतरी गडबड केलीत तुम्ही," ती म्हणाली आणि कणकेला आणखी दोन बुक्के दिले.

हे काळ्या बुटांचे गृहस्थ कोण, ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी टोकियोतल्या एका संशोधन संस्थेत होतो आणि उपग्रहाची चित्रं वाचत असे. म्हणजे पाऊस जास्त झाला तर कुठलं शेत बुडालं, डोंगराची कुठली बाजू घसरली, असली कामं. जपान सरकारचं एक खातं होतं, ज्याचं काम माहिती गोळा करणं. कसली माहिती, हे त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावरून कळत नसे, आणि विचारलं तर ते हवेबद्दल बोलत. त्या खात्याने आपली काही तरुण माणसं चित्रवाचन शिकायला आमच्याकडे पाठवली होती. त्यांच्यासाठी एक छोटासा विभाग काढला होता आणि तिथला मास्तर मी. हेर म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, तसं त्यात काही नव्हतं. माझे विद्यार्थी घरून डबा आणत, दुपारी टेबलावर डोकं टेकून डुलकी काढत आणि ढगाच्या सावलीला हमखास तळं म्हणत. आम्ही वाचत असलेल्या चित्रांत भात होतं, नद्या होत्या, जंगलं होती. गुप्त असं काही नव्हतंच. पण खातं गुप्त असल्यामुळे आमचं भातही आपोआप गुप्त झालं होतं.

हा विभाग दर मार्चअखेर संपायचा आणि खासदारांच्या एका समितीने मान हलवली की पुन्हा सुरू व्हायचा. ती मान हलवून घेणं हे या गृहस्थांचं काम. खातं आणि खासदार यांच्यामधला माणूस. रोज सकाळी ते त्या इमारतीत जात, काम असो वा नसो. नुसता चेहरा दाखवून येत. त्यांच्याजवळ एक जांभळा चौकोनी रुमाल असे. त्यात कागद ठेवून चार टोकांची गाठ मारत आणि ते गाठोडं छातीशी धरून चालत. जपानी सरकारी नोकरांत ही जुनी पद्धत आहे. आमच्या घरात त्यांना म्हणूनच 'बोचकेवाले' असं नाव पडलं.

बोचकेवाल्यांबरोबर दोन-तीनदा गेल्यावर मला त्यांची रीत कळू लागली. खासदाराला वाचायला द्यायचं नाही, एकच कागद दाखवायचा. त्यावर शब्द कमी, बाण आणि ढगासारखे गोल जास्त. चहा निवेपर्यंत विषय संपला पाहिजे. मग तो कागद वाकून परत घ्यायचा आणि बोचक्यात घालायचा.

"परत का घेता? त्यात तर काहीच नसतं," मी एकदा विचारलं.

"म्हणूनच," ते म्हणाले. "ठेवला तर उद्या कळेल की त्यात काही नव्हतं. परत घेतला की फार काहीतरी पाहिल्यासारखं वाटतं."

आणि एखाद्या खासदाराने सांगता न येण्यासारखं काही विचारलंच, तर बोचकेवाले गंभीर होत, मान खाली घालत आणि म्हणत, "फार महत्त्वाचा मुद्दा. हा मी घेऊन जातो." मग तो मुद्दाही जणू बोचक्यात बांधला जाई. दुसऱ्या दिवशी ते दुसराच काहीतरी मजेदार मुद्दा घेऊन येत. खासदार पहिला विसरून जात. भांडण नाही, खोटं बोलणं नाही. मी हे तंत्र घरी करून पाहिलं. बायकोने विचारलं होतं, बाथरूमचा नळ कधी दुरुस्त करणार. मी म्हटलं, महत्त्वाचा मुद्दा आहे, घेऊन जातो. ती म्हणाली, "नळ इथेच आहे. पाना घेऊन या."

पण बोचकेवाल्यांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला अजून कळलेली नव्हती, आणि तीच मी कॉरिडॉरमध्ये मोडली होती. ती म्हणजे आधी कोणाला सांगायचं आणि मागून कोणाला.

त्या दिवशी आम्ही समितीच्या अध्यक्षांना भेटायला गेलो होतो. वयाने, मानाने सगळ्यांत थोर. चित्र सर्वांत आधी त्यांनी पाहायचं, मग त्यांच्या खालच्यांनी, आणि हा तरुण खासदार पार शेवटी, असा बेत होता. अध्यक्ष कुठेतरी अडकले म्हणून त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी भेट पुढच्या आठवड्यावर ढकलली. बोचकेवाले ती नवी वेळ ठरवायला आत गेले होते, तेवढ्यात बाहेर मी शेवटच्या माणसाला पहिलं दर्शन घडवलं. तो बिचारा उत्साही. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या उपाहारगृहात कढी-भातासारखी जपानी करी खाताखाता त्याने आजूबाजूच्यांना सांगितलं की एका भारतीय तज्ज्ञाने त्याला सगळं समजावून दिलंय. शेजारच्या टेबलावर अध्यक्ष होते. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "हो का? मी ऐकलेलं नाही."

एवढंच. आरडाओरडा नाही. पण जपानमध्ये मोठ्या माणसाने "मी ऐकलेलं नाही" म्हटलं की ती गोष्ट घडलेलीच नसते आणि पुढे घडणारही नसते. आमची पुढच्या आठवड्यातली भेट रद्द झाली. विभागाचं नाव समितीच्या कामकाजातून हळूच वगळलं गेलं. संस्थेतले आमचे प्रमुख लिफ्टमध्ये मला भेटले तर लिफ्टच्या आकड्यांकडे पाहू लागले. फेब्रुवारी संपत आला होता. मार्चअखेर विभाग बंद, म्हणजे माझा करार बंद, म्हणजे बिस्तरा गुंडाळून पुणे. पुण्याला परत जायला माझी कधीच हरकत नव्हती. पण स्वतःच्या जिभेने काम घालवून परत जायचं, आणि प्रत्येकाला ते सविस्तर सांगायचं, हे माझ्यासारख्या सविस्तर सांगणाऱ्या माणसालाही नको वाटत होतं. शिवाय टोकियोच्या हिगाशी-कसाई वस्तीत आमचा आता कुठे जम बसला होता. बायकोला जेवणाचे डबे बनवणाऱ्या एका स्वयंपाकघरात अर्धवेळ काम मिळालं होतं आणि तिथल्या बायकांत ती रमली होती. मुलगी भांडायची तीसुद्धा जपानीत.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला खरी भीती वाटली.

पुढच्या रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात बोचकेवाले. हातात जांभळं बोचकं, पण त्यात मिठाईचा डबा. घोडचूक माझी, आणि माफी मागायला ते आले होते! तुम्हाला आधी नीट सांगितलं नाही, हा माझा दोष, असं म्हणत त्यांनी आमच्या चपलांच्या कपाटासमोर जो नमस्कार घातला, त्याने मी वितळून गेलो. सूर्यप्रकाशात त्यांचं नाक लाल दिसत होतं. देवदारासारख्या एका झाडाचे पराग त्या दिवसांत हवेत उडतात आणि अर्धं टोकियो शिंकत असतं.

बायकोने शिरा केला होता. त्यांनी पहिला चमचा शंकेने घेतला, दुसरा कुतूहलाने आणि मग बशी हातात उचलूनच धरली. माझं जपानी परिषदेतलं. बायकोचं डब्यांच्या स्वयंपाकघरातलं, त्यामुळे तिचं लोकांना कळायचं. ती समोर बसली आणि तिने सरळ विचारलं, "नक्की काय झालंय? यांनी सांगितलंय, पण यांच्या सांगण्यात यांचंच फार असतं."

बोचकेवाल्यांनी सांगितलं. कोण मोठे, कोण धाकटे, कोणाला आधी कळायला हवं होतं. त्यांच्या खात्याचे संचालक अध्यक्षांची दोनदा माफी मागून आले, असंही सांगितलं.

"मग अध्यक्ष काय म्हणाले?"

"म्हणाले, मी रागावलेलो नाही."

"अरे देवा," बायको मराठीत म्हणाली. "म्हणजे फारच रागावलेत." मग माझ्याकडे वळली. "अहो, साधी गोष्ट आहे. काकांना पत्रिका पोस्टाने गेली."

बोचकेवाले माझ्याकडे पाहू लागले. आता मला त्यांना महाराष्ट्रातलं लग्न जपानीत समजावून सांगायचं होतं, आणि ते कॉरिडॉरमधल्या नदीपेक्षा अवघड होतं. मी सांगितलं, आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण नुसतं पाठवून चालत नाही. थोरल्यांकडे स्वतः जायचं, अक्षता द्यायच्या, चहा घ्यायचा, "तुम्हीच सगळं बघायचं" असं म्हणायचं. आणि ते थोरल्यापासून सुरू करून धाकट्यापर्यंत. मेहुणीच्या लग्नात गडबड झाली. सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे काका, यांच्याकडे पत्रिका पोस्टाने गेली, आणि ती पोचायच्या आत शेजारच्या गल्लीतल्या धाकट्या भाचीला अक्षता मिळाल्याचं त्यांना कळलं. काकांनी निरोप पाठवला, "मी रागावलेलो नाही, पण त्या दिवशी मला जमणार नाही."

बोचकेवाल्यांनी बशी खाली ठेवली. "मग?" ते पुढे सरकले. "मग तुम्ही काय केलंत?"

"सासरे दोनदा माफी मागून आले," मी म्हटलं.

"आमच्या संचालकांसारखे!"

"आणि काका जास्तच ताठ झाले," बायको म्हणाली. "होणारच. माफी मागितली की माणसाला आपण रागावलोय ते दाखवत राहावं लागतं. मग आई गेली. तिने माफीचा शब्दच काढला नाही. ती म्हणाली, अजून निम्म्या लोकांची आमंत्रणं व्हायचीत आणि आम्हाला काही सुचत नाहीये. कोणाला कोणाच्या आधी सांगायचं, कोणी जायचं, तुम्हीच सांगा. काका तासभर बोलत होते. दुसऱ्या दिवसापासून तेच रिक्षा करून आमंत्रणं करत फिरले. छापून आणलेल्या पत्रिकांवर पहिल्या निमंत्रकांच्या जागी आईने त्यांचं नाव पेनाने लिहिलं."

बोचकेवाल्यांनी एकदा शिंकून घेतलं.

"पण ओकुसान," ते हळूच म्हणाले, बायकोला ते असंच, मान देऊन हाक मारत, "हे काका नाहीत. हे समितीचे अध्यक्ष आहेत."

"त्याने काय फरक पडतो? रुसलेला माणूस रुसलेलाच. तुम्ही त्यांच्याकडे माफी मागायला जाऊ नका. विचारायला जा. आणि तुमच्या साहेबांना नेऊ नका, साहेब गेले की ते माफीच मागतील. यांना न्या."

"मला?" मी म्हटलं.

"हो. गुन्हेगार समोर असला की माणसाला बरं वाटतं. आणि त्या तरुण पोराचंही बघा काहीतरी. त्याला वगळलंत तर तो रुसेल, मग पुन्हा मी शिरा करायचा का?"

बोचकेवाले दारात बूट घालताना एकदम गंभीर झाले. "हे चुकलं तर मी उत्तरेकडच्या एखाद्या बेटावर बदलून जाईन," ते म्हणाले. "आणि सेन्सेई, तुम्ही तुमच्या देशात."

भेट मिळायलाच दिवस गेले. ती सेक्रेटरीबाईंनी मिळवून दिली. अध्यक्षांच्या दारावर खरं राज्य त्यांचंच होतं. बोचकेवाले रोज सकाळी जाऊन त्यांच्याशी नुसतं परागांबद्दल बोलत. शेवटी बाई म्हणाल्या, "उद्या दुपारी जेवणानंतर या. तेव्हा ते शिंकांचं औषध घेऊन बसलेले असतात, उठत नाहीत."

आम्ही आत गेलो. अध्यक्षांच्या तोंडावर पांढरा मास्क, टेबलावर कागदी रुमालांचा खोका, आणि मास्कच्या वर दोन अतिशय जागे डोळे. मी चित्राची नळी दोन्ही हातांत धरून उभा होतो, बारशाला आलेल्या आत्यासारखा. बोचकेवाल्यांनी बोचकं मांडीवर ठेवलं आणि सोडलं नाही.

"हेच का ते?" अध्यक्ष म्हणाले. "जमिनीवर बसून शिकवणारे?"

"होय," बोचकेवाले म्हणाले.

डोळे माझ्याकडे वळले. "त्या पोराला कळलं का काही?"

इथे खरं तर काहीतरी गोड बोलायला हवं होतं. पण मास्तराला परीक्षेचा निकाल विचारला की तो खरंच सांगतो. "अर्धं कळलं असावं," मी म्हटलं. "मी भराभर बोलत होतो."

"अर्धं!" मास्क हलला. आत हसू होतं की शिंक, ते कळेना. "अर्धं म्हणजे पुष्कळ झालं."

मग बोचकेवाल्यांनी मान खाली घातली. मी डोळे मिटून घेतले, कारण त्यांची मान खाली गेली की पाठोपाठ माफी येते, ही आयुष्यभराची सवय. पण ते म्हणाले, "आम्ही अडचणीत आहोत. समितीतल्या बाकीच्यांना हे सांगायचं आहे. कोणाला आधी सांगावं, कोणाला मागून, आणि कोणी सांगावं, हे आमच्याने ठरत नाही. आम्ही ठरवलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. तुम्ही सांगाल तसं करू."

बाहेर सेक्रेटरीबाईंच्या टाइपरायटरसारख्या यंत्राची टकटक थांबली, म्हणजे त्याही ऐकत होत्या. मला एकदम सासूबाई दिसल्या, काकांच्या ओसरीवर पदर सावरून बसलेल्या, आणि मी मनातल्या मनात त्यांचा धावा केला. एरवी तो मी सहसा करत नाही.

अध्यक्षांनी मास्क काढला.

"तुम्हाला ते कसं जमेल?" ते म्हणाले. "तुम्ही परीक्षा देऊन आलेली माणसं. तुम्ही वयाप्रमाणे जाता. वयाप्रमाणे जायचं नसतं!" आणि ते सुरू झाले. अमक्याला सांगायचं तर तमक्याच्या आदल्या दिवशी, कारण दोघे एकाच जिल्ह्यातले. त्या बाईंना सकाळी भेटायचं नाही, सकाळी त्या सगळ्याला नाही म्हणतात. विरोधी बाजूच्या त्या दोघांना एकत्रच सांगायचं, म्हणजे ते एकमेकांना विरोध करतील आणि आपल्याला करायचा राहून जाईल. चहा आला, निवला, दुसरा आला. अध्यक्ष उठून उभे राहिले होते, औषध वगैरे विसरून. बोचकेवाले फक्त "अच्छा", "हो का", "हे आम्हाला माहीतच नव्हतं" एवढंच म्हणत होते, आणि मला खात्री आहे, त्यांना ते सगळं वर्षानुवर्षं पाठ होतं.

शेवटी अध्यक्ष थांबले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही, तुम्ही घोटाळा कराल. तुम्ही कोणाकडे जाऊच नका. मीच सांगतो सगळ्यांना."

बोचकेवाल्यांचे हात बोचक्याच्या गाठीवर घट्ट झाले. तेवढीच त्यांच्या आनंदाची खूण. मग अगदी सहज, जाता जाता आठवल्यासारखं ते म्हणाले, "चित्र मोठं आहे. धरायला कोणीतरी लागेल. त्या तरुण सदस्यांना सांगावं का?"

"धरू दे त्याला," अध्यक्ष म्हणाले. "हात दुखू देत जरा."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात समितीच्या सदस्यांची एक सकाळची बैठक झाली. अशा बैठका तिथे न्याहारीबरोबरच होतात. प्रत्येकापुढे भाताचा छोटा डबा, प्रत्येकापुढे बोचकेवाल्यांचा बाणांचा कागद. मी आणि बोचकेवाले भिंतीशी, मागच्या खुर्च्यांवर. तरुण खासदार हसतमुखाने दोन्ही हात उंच करून चित्र धरून उभा, आणि अध्यक्षांच्या हातात छडी.

काय बोलले ते! नदी सांगितली, पूर सांगितला, आकाशातून पाहणारी देशाची नजर आपल्याच माणसांच्या हाती असली पाहिजे, हे सांगितलं. मी इतके महिने जे समजावायला धडपडत होतो, ते त्यांनी अर्ध्या वेळात आणि दुप्पट आवाजात सांगितलं. मध्येच छडी एका काळ्या डागावर टेकवून म्हणाले, "आणि हे तळं!"

ती ढगाची सावली होती.

माझं अंग खुर्चीतून बोटभर उचललं गेलं. तोंड उघडलंही असावं. त्याच क्षणी एक काळा बूट माझ्या बुटावर शांतपणे येऊन बसला आणि तिथेच राहिला. मी तोंड मिटलं. साऱ्या आयुष्यात मला माहीत असलेलं एखादं उत्तर मी गिळल्याचं हे पहिलंच उदाहरण, आणि मी सांगतो, इतकं पौष्टिक मी कधी काही खाल्लेलं नाही. तळं तर तळं. पुढच्या चित्रात ते नसणार, पण तेव्हाचं तेव्हा.

सकाळी नाही म्हणणाऱ्या त्या बाईंनी विचारलं, "या विभागात नक्की कोणाची चित्रं पाहतात? आपलीच, की शेजाऱ्यांचीही?"

भात चघळणं थांबलं. माझ्या बुटावरचा बूट कडक झाला. हाच तो प्रश्न, जो कुणी विचारू नये म्हणून बोचकेवाले वर्षभर त्या इमारतीचे जिने झिजवत. पण उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं. अध्यक्षांनी छडी खाली केली, अतिशय गंभीर चेहरा केला, मान लववली आणि म्हणाले, "फार महत्त्वाचा मुद्दा. हा मी घेऊन जातो."

मी बोचकेवाल्यांकडे पाहिलं. त्यांचे दात दिसत होते. इतक्या दिवसांच्या ओळखीत मला त्यांचे दात कधी दिसले नव्हते.

विभाग राहिला. एकानेही विरोध केला नाही. विरोधी बाजूचे ते दोघे एकमेकांशी वाद घालत बाहेर पडले. बोचकेवाल्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांसमोरचे कागद वाकून वाकून परत घेतले. अध्यक्षांनी मात्र आपला कागद चौघडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. बोचकेवाल्यांनी ते पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं, आणि एक कागद कमी असलेल्या बोचक्याला गाठ मारली. तरुण खासदार दंड चोळत माझ्याकडे आला आणि इंग्रजीत कुजबुजला, "ते तळं नव्हतं ना?" मी म्हटलं, "फार महत्त्वाचा मुद्दा आहे." तो मोठ्याने हसला. पोरगा हुशार होता, अर्ध्याहून जास्त कळलं होतं त्याला.

इमारतीच्या दारात बोचकेवाल्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "ओकुसानना आमच्या खात्यातर्फे..." मग त्यांना आठवलं की त्यांचं खातं कुणाला काही म्हणत नसतं. "माझ्यातर्फे सांगा," ते म्हणाले.

आमच्या प्रमुखांनी त्या दुपारी लिफ्टमध्ये माझ्याशी बोलायला सुरुवात केली आणि माझा मजला आला तरी दार धरून ठेवलं. नव्या कराराचं त्यांनी तिथेच सांगितलं. ट्रेनमध्ये मी बसलो नाही, जागा होती तरी. विजयी माणसाने उभंच राहावं असं वाटत होतं. स्टेशनवरून घरी जाताना सायकलींच्या गर्दीतून मी असा चाललो की दोन आजीबाईंनी घंटा न वाजवता मला वाट दिली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. छडी, तळं, बूट, दात. माझ्या सांगण्यात माझी भूमिका जरा मोठी होत गेली असेल, पण ती गालात हसत ऐकत होती, आणि आमटी गार होत असतानाही तिने मला थांबवलं नाही. सांगून झाल्यावर मी उठलो आणि पुण्याला थोरल्या भावाला ही बातमी द्यायला फोन उचलला.

तिने माझ्या हातावर हात ठेवून रिसीव्हर परत खाली टेकवला आणि म्हणाली, "थांबा. आधी माझ्या आईला सांगू, मग तुमच्या भावाला. त्यांच्याकडून तिला कळलं, तर मला वर्षभर ऐकून घ्यावं लागेल, आणि तेव्हा तुमचे अध्यक्ष काही माझ्या मदतीला येणार नाहीत."